औषधाआधी एचएलए चाचणी: बी*१५:०२, ए*३१:०१ की बी*५८:०१?

फिटांसाठी कार्बामाझेपिन किंवा गाऊटसाठी अ‍ॅलोप्युरिनॉल सुरू करण्याआधी डॉक्टर 'एचएलए करून घ्या' म्हणाले, तर आधी विचारा: कोणती? प्रतिकारशक्तीला आपलं-परकं ओळखायला लावणारी सहाव्या गुणसूत्रावरची ही जनुकं समाजागणिक इतकी बदलतात, की 'आशियाई' या एका शब्दावर निर्णय सोडणं मला धोक्याचं वाटतं.

कार्बामाझेपिनसाठी मुख्य चाचणी बी*१५:०२ या जनुक-प्रकाराची. स्टिव्हन्स-जॉन्सन सिंड्रोममध्ये भाजल्यासारखी कातडी सुटते, जीवही जाऊ शकतो. २००४ मध्ये तैवानच्या संशोधकांना या औषधामुळे तो झालेल्या ४४ हान चिनी रुग्णांत हा प्रकार सापडला. चव्वेचाळीसच्या चव्वेचाळीस जणांत. पुढे तिथेच सुमारे ४,९०० जणांची आधी चाचणी झाली. ७.७ टक्के पॉझिटिव्ह निघाले, त्यांना हे औषध दिलं नाही, आणि एकालाही तो आजार झाला नाही. हान चिनी, थाई, मलय वंशाच्या कुणीही ही चाचणी टाळू नये. भारतीयांत प्रमाण सरासरी २ ते ४ टक्के, काही समाजांत जास्त. तरी करावीच असं माझं मत.

जपानी माणसाचा हिशेब वेगळा. त्यांच्यात बी*१५:०२ एक टक्क्याहूनही कमी, त्यामुळे ती निगेटिव्ह आली तरी फारसं काही कळत नाही. तिथे ए*३१:०१ पाहावी. तिचा धोका ताप, पुरळ, यकृताला सूज अशा प्रतिक्रियांचाही असतो. दक्षिण भारतातल्या काही समाजांतही ती बरीच आढळते.

अ‍ॅलोप्युरिनॉलच्या अशाच गंभीर प्रतिक्रियांसाठी बी*५८:०१. कोरियन लोकांत बी*१५:०२ दुर्मीळ, पण बी*५८:०१ दहातल्या एकाहून अधिक जणांत. शेजारच्या जपानमध्ये मात्र तीही विरळ. हान चिनी, थाई आणि कोरियन वंशाच्या रुग्णांची ही चाचणी आधी करावी, असं अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेनं २०२० मध्ये सुचवलं. निगेटिव्ह आली तरी १०० मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी डोसनेच सुरुवात करावी, मूत्रपिंड कमजोर असेल तर आणखी जपून.

पॉझिटिव्ह आलेल्या बहुतेकांना प्रत्यक्षात काही होत नाही, तरी औषध बदललेलंच बरं. गाऊटला फेबुक्सोस्टॅट आहे. बी*१५:०२ असेल तर फेनिटॉइन आणि ऑक्सकार्बाझेपिन ही फिटांची औषधंही टाळावीत, धोका तोच.

कार्बामाझेपिन कित्येक महिने विनातक्रार चालू असेल, तर चाचणीसाठी ते थांबवू नका. ही प्रतिक्रिया बहुधा पहिल्या काही महिन्यांतच येते.