गणपती पेठेतल्या दुकानासाठी पूरआराखडा : पैसे वसूल होतात का?

सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट, धोक्याची ४५. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, जुलै २०२१ मध्ये ५४ च्या पुढे. तरी पेठेतल्या बऱ्याच दुकानांची पुराची तयारी म्हणजे 'बघू, पाणी कुठवर येतंय ते'. या 'बघू'च्या जागी कागदावर ठरलेलं काहीतरी आणून देणाऱ्या एका स्थानिक सल्लागार सेवेचं हे परीक्षण. नमुना म्हणून घाऊक किराणा दुकान धरलं आहे : तळमजल्यावर गाळा, वर अर्धा पोटमाळा, २० टन माल, ११ माणसं.

फीमध्ये एक फाईल, भिंतीवर लावायचा तक्ता, एक दिवसाची रंगीत तालीम आणि दर मे महिन्यात एक फेरी मिळते.

सगळ्यात चांगलं काम पहिल्याच दिवशी होतं. ही मंडळी लेव्हल मशीन (उंची मोजायचं यंत्र) लावून दुकानाचं जोतं आयर्विनच्या फुटांत बसवून देतात, आणि भिंतींवरच्या जुन्या पूररेषांशी ताडून पाहतात. म्हणजे 'पुलाजवळ ४७ झाले की आपल्या उंबऱ्याला पाणी' असा आकडा हातात येतो. सरकारी ४५ हा शहराचा आकडा आहे, तुमच्या उंबऱ्याचा नव्हे. एवढं कळलं तरी निम्मी फी वसूल.

पुढचा हिशोब त्यांनी नीट मांडलाय. २० टन म्हणजे ५० किलोची ४०० पोती. छोट्या हत्तीत (लहान टेम्पोत) १५ पोती बसतात, म्हणजे २७ खेपा. तीन गाड्या मिळाल्या तर प्रत्येकी ९. भरणं, विश्रामबाग-कुपवाडच्या बाजूच्या उंच गोदामापर्यंत जाणं, उतरवणं, परत येणं असे खेपेला दोन तास. झाले १८ तास. पाऊस, अंधार, हमालांचं जेवण धरून २४. पाणी तासाला २ इंचांनी चढत असेल तर तेवढ्या वेळात ४ फूट वाढतं. म्हणून ४७ च्या दुकानाची पहिली गाडी ४३ ला भरायला लागली पाहिजे. गटारीतून आणि नाल्यातून उलटं येणारं पाणी नदीच्या आधी पोचतं, त्यासाठी आणखी एक फूट वजा. तक्त्यावर लाल अक्षरात '४२' आहे, आणि या वेगाला ते बरोबर आहे. संडासाच्या भांड्यावर वाळूचं पोतं दाबायची सूचनाही आहे.

चूक आहे ती वेगाची. २ इंच हा एकच वेग धरून चालत नाही. कोयनेचं पाणी कराडला कृष्णेत येतं आणि वारणा हरिपूरला, म्हणजे सांगलीच्या जरा खाली मिळते. वारणा फुगली की सांगलीचं पाणी पुढं सरकत नाही. दोन्हीकडून जोर असताना दुप्पट वेगाचा दुसरा तक्ता हवा होता, तो नाही. मागून घ्या. कर्नाटकातल्या अलमट्टी धरणामुळे पूर येतो का, हा वाद चहाच्या टपरीवर ठेवा. गाड्या बोलवायला कोयनेचा विसर्ग, नदीच्या वरच्या अंगाला कराड, बहे आणि भिलवडीचे पातळीचे आकडे आणि आयर्विनला तासाला किती इंच वाढले, एवढं पुरतं.

माल हलवायचा क्रम किमतीनुसार लावलाय : वेलदोडा, सुकामेवा, मसाले, मग डाळी, मग साखर. ठीक आहे. पण तेलाचे डबे शेवटी, 'भिजून बिघडत नाहीत' म्हणून. इथं अनुभव कमी पडला. तेल पाण्यापेक्षा हलकं, भरलेला डबासुद्धा तरंगतो, शटरवर आपटतो, आणि झाकणाच्या कडेला गाळ बसला की तो डबा विकायचा नाही. हलवता येत नसतील तर निदान जाळी टाकून बांधा.

फाईलमधलं सगळ्यात कच्चं वाक्य दुसऱ्याच पानावर आहे : 'मालकांशी चर्चा करून निर्णय घ्यावा.' संकटात दुकान बुडतं ते याच वाक्यानं. थोरले अण्णा म्हणतात थांबा, धाकटे म्हणतात हलवा, आणि मुनीम फोन धरून उभा. नियम उलटा हवा. ४२ ला मुनीमनं कुणालाही न विचारता गाड्या बोलवायच्या. थांबवायचं असेल तर मालकानं थांबवायचं, आणि तसं लिहून कळवायचं. मुनीमनं न विचारता किती रुपये खर्च करायचे तो आकडाही तक्त्यावर हवा. चाव्यांचे तीन जुडगे तीन माणसांकडे. टेम्पोवाल्याला इसार मे महिन्यातच, कारण ४३ ला अख्खी पेठ त्यालाच फोन करत असते.

व्हॉट्सॲप ग्रुपची पद्धत मात्र उत्तम आहे. लिहिणार एकच जण, आणि प्रत्येक निरोप 'वेळ, पातळी, काम' असाच. फक्त पातळी अक्षरी फूट-इंचात लिहायला लावा. ४२.१० म्हणजे कुणी ४२ फूट १० इंच वाचतो, तर कुणी दशांश धरून एक इंच.

माणसांचं पान वाचताना हसू येतं. ११ जणांची नावं, ११ कामं. त्यातले जे सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगरसारख्या सखल भागात राहतात, त्यांच्या घरात पाणी पेठेच्या आधी शिरतं. ज्या रात्री दुकानाला माणूस हवा, त्याच रात्री तो स्वतःची चूल आणि म्हातारी आई हलवत असतो. त्याला कामावर धरून आखलेला तक्ता पहिल्या तासाला मोडतो. प्रत्येकाच्या घराचाही आयर्विनचा आकडा लिहून घ्या, सखल भागातल्यांना आधी सुट्टी आणि एक गाडी द्या, आणि उरलेल्यांवर हिशोब बसवा. २७ खेपांना मग २४ तास पुरत नाहीत, हे तेव्हा कळतं.

कागदपत्रांचा भाग बरा, पण अपुरा. उंचावरचं गोदाम जीएसटी नोंदणीत जादा जागा म्हणून आधीच घालायला सांगितलंय, खाद्य परवान्याचा मात्र विसर पडलाय. तोही ठरावीक जागेपुरताच असतो. मालासोबत डिलिव्हरी चलन आणि एक लाखाच्या वरच्या मालाला ई-वे बिल (जीएसटीची ऑनलाइन वाहतूक नोंद) लागतं, त्या चलनाचा कोरा नमुना फाईलमध्ये नाही. विमाही ठरावीक पत्त्यापुरताच असतो. हलवलेल्या मालाला किती संरक्षण ते पॉलिसीत पाहा, आणि पूर वगळलेला नाही ना तेही. टॅलीचा (हिशोबाच्या सॉफ्टवेअरचा) बॅकअप आणि उधारीची वही पहिल्या गाडीत, हे त्यांनी ठळक छापलंय, शाबास.

पाणी ओसरल्यावर काय, याला फाईलमध्ये अर्धं पान आहे. खरी धांदल तिथंच. मेन स्विच कुणीही टाकायचा नाही. आधी वायरमननं मेगर (इन्सुलेशन मोजायचं यंत्र) लावून इन्सुलेशन आणि अर्थिंग तपासायचं. भिजलेला माल विमा कंपनीचा सर्व्हेअर येईपर्यंत फेकायचा नाही, तारखेसह फोटो काढायचे, पोती मोजून याद्या करायच्या. पुराचं पाणी लागलेलं धान्य वाळवून विकायचं नाही. नष्ट झालेल्या मालावर घेतलेलं जीएसटीचं इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) परत करावं लागतं, ते सीएला त्याच आठवड्यात सांगायचं. पलूस, तासगाव, कवठेमहांकाळच्या दुकानदारांना तात्पुरत्या गोदामातून माल कधीपासून मिळेल हे कळवणारा एक माणूस लागतो. त्याचं नाव फाईलमध्ये कुठेच नाही.

फी मालाच्या किमतीवर आकारतात, ते पटत नाही. सुकामेवेवाल्याचा गाळा मोजायला मिठाच्या गाळ्यापेक्षा जास्त वेळ लागत नाही. घासाघीस करा. आणि करार करताना तालीम रविवारी सकाळी नको, चालू बाजाराच्या दिवशी, रात्री आठनंतर, दिवे घालवून घ्यायची अट घाला.