हार्ड बो केस, कोडियाकचा पाऊस आणि न सुकणारा फोम: वापरानंतरचा अनुभव

कंपनीचं शेवटचं उत्तर परवा आलं. माझ्या बो केसच्या, म्हणजे धनुष्य ठेवायच्या कडक पेटीच्या, आतला फोम सुटा मिळत नाही. हवा असेल तर नवी केस घ्या, जुने ग्राहक म्हणून दहा टक्के सूट देऊ. म्हणजे फोमच्या दोन तुकड्यांसाठी तीनशे डॉलरची धडधाकट पेटी टाकून द्यायची. मला हे पटलेलं नाही, म्हणून सविस्तर लिहितोय. ब्रँडचं नाव देत नाही, कारण ज्या दोषाबद्दल बोलायचं आहे तो या प्रकारच्या बऱ्याच केसमध्ये आहे: चार लॅच (झाकणाचे खटके), दोन चाकं, कडेने पाणी रोखणारी रबरी पट्टी म्हणजे गॅस्केट, आत वर-खाली चिकटवलेला मऊ फोम. मापं आणि बाकीची माहिती कोणत्याही दुकानाच्या पानावर सापडेल.

मी सिएटलजवळ राहतो आणि कंपाउंड धनुष्याने, म्हणजे टोकांना चाकं असलेल्या आधुनिक धनुष्याने, शिकार करतो. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे आणि ती तशीच राहावी असं माझं ठाम मत आहे. इथे परवाना आणि टॅग (ठरावीक जनावरासाठीची चिठ्ठी) घेऊन, ठरलेल्या हंगामात, मांसासाठी शिकार होते. ज्यांना हा विषयच नको असेल त्यांनी हे नेमबाजीच्या सामानाच्या विमानप्रवासाबद्दलचं लिखाण समजून वाचलं तरी चालेल. धनुष्य दोन्हीकडे तेच असतं.

केस उन्हाळ्यात घेतली आणि सप्टेंबरात एल्क या मोठ्या हरणाच्या शिकारीसाठी कोलोरॅडोला नेली. तेव्हा कोणी विचारलं असतं तर पाचपैकी पाच दिले असते. डेन्व्हर विमानतळाच्या सामानाच्या पट्ट्यावर केस उलटी येऊन आदळली, पण आत साइटची (नेम धरायच्या भागाची) पिनसुद्धा हलली नव्हती. निघण्याआधी साइट आणि रेस्टच्या (बाण टेकवायच्या भागाच्या) जागांवर चंदेरी मार्करने रेघा मारून ठेवतो. पोचल्यावर रेघा जुळतात का ते आधी बघायचं, मग वीस यार्डांवर दोन-तीन बाण मारून खात्री करायची. कार्बनचा प्रत्येक बाण मारण्याआधी हलकासा वाकवून, कानाजवळ धरून ऐकायचा. तडा गेलेला बाण सुटताना फुटला तर धनुष्य धरलेल्या हातात घुसतो. हे काम मी कधीच टाळत नाही, तुम्हीही टाळू नका.

विमानतळावरचे नियम अवघड नाहीत, पण लोक बंदूक आणि धनुष्य यांत गल्लत करतात. बंदूक काउंटरवर जाहीर करावी लागते आणि तिच्या पेटीच्या कुलपाची किल्ली फक्त प्रवाशाकडे असावी लागते. धनुष्याला यातलं काहीच नाही. त्यामुळे बो केसला टीएसए-मान्य (अमेरिकेच्या विमानतळ सुरक्षा यंत्रणेने मान्य केलेलं) कुलूपच लावा, म्हणजे तपासणीसाठी ते न तोडता उघडता येतं. आत वरच हाताने लिहिलेला कागद ठेवतो: ‘कृपया दोरी ओढू नये, बाण न लावता सोडल्यास धनुष्य फुटते.’ धनुष्य आणि बाण चेक-इन सामानातच जातात. ब्रॉडहेड, म्हणजे शिकारीच्या बाणांची धारदार पात्यांची टोकं, बाणांवरून काढून, पाती झाकून, वेगळ्या डबीत ठेवायची. हेडलॅम्पच्या आणि रेंजफाइंडरच्या (अंतर मोजायच्या यंत्राच्या) सुट्या लिथियम बॅटऱ्या मात्र केबिनमध्ये. चुलीचे गॅस कॅनिस्टर कुठेच चालत नाहीत, अस्वलांना पळवायचा मोठा तिखट स्प्रेही नाही. दोन्ही पोचल्यावर विकत घ्यायचे. जुनी चूल नेणार असाल तर तिच्यात इंधनाचा वाससुद्धा राहता कामा नये.

आणखी एक, झडपेबद्दल. गॅस्केटवाल्या केसला हवेचा दाब समान करणारी झडप असते. महागड्या केसमध्ये ती आपोआप चालते, माझ्या केसमध्ये हाताने फिरवायची गुंडी आहे. विमान वर असताना सामानाच्या भागातही जमिनीपेक्षा दाब कमी असतो. झडप बंद राहिली तर खाली उतरल्यावर झाकण शोषल्यासारखं घट्ट बसतं आणि उघडायला ताकद लावावी लागते. विमानात चढवताना ती सैल ठेवायची.

आता कोडियाक. अलास्काच्या दक्षिणेला असलेलं हे अमेरिकेतलं हवाईनंतरचं सर्वांत मोठं बेट. बेटाचा सुमारे दोन तृतीयांश भाग १९४१ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय वन्यजीव अभयारण्यात येतो. अभयारण्य असूनही हंगामात तिथे परवान्याने शिकार करता येते. आपल्याकडे या शब्दाचा जो अर्थ आहे त्यामुळे हे वाचून धक्का बसेल, म्हणून सांगून ठेवतो. इथली सिटका हरणं मूळची बेटावरची नाहीत, १९२४ ते १९३४ या काळात आग्नेय अलास्कातून आणून सोडली. अस्वलं मात्र इथलीच, बेटसमूहावर साडेतीन हजारांच्या आसपास. नोव्हेंबरात हरणांचा माजाचा, म्हणजे मिलनाचा, काळ असतो, नर बिनधास्त फिरतात आणि धनुष्याच्या टप्प्यात येतात. तिथे हरणासाठी धनुष्याचं ओढीचं वजन (दोरी ओढायला लागणारा जोर) किमान ४० पौंड लागतं, माझं ६० चं आहे.

सिएटल ते अँकरेज, अँकरेज ते कोडियाक हे नेहमीचे प्रवासी मार्ग. त्यापुढे तळ्यावर किंवा खाडीत उतरणारं छोटं विमान. आमच्या वाट्याला बीव्हर आलं. १९४७ मध्ये पहिल्यांदा उडालेलं, १९६७ मध्ये उत्पादन थांबलेलं हे विमान अलास्कात अजून रोज राबतं. इथे हार्ड केसचा उपयोग संपतो. पायलट आपल्यासकट प्रत्येक पिशवी काट्यावर ठेवतो आणि त्याला मऊ पिशव्या हव्या असतात, ज्या विमानाच्या शेपटीकडच्या निमुळत्या जागेत दाबून बसवता येतात. अस्वलाचा स्प्रे तो फ्लोटच्या, म्हणजे विमान पाण्यावर तरंगतं त्या पोकळ पायांच्या, आतल्या कप्प्यात ठेवतो, कारण केबिनमध्ये फुटला तर त्याला काही दिसणार नाही. एवढी मोठी पेटी हँगरमध्येच ठेवावी लागते. म्हणजे धनुष्यासाठी वेगळी मऊ केस घ्यावीच लागते. हे विकणारा सांगत नाही. अशा विमानातून उतरलात की अलास्कात बहुतेक मोठ्या प्राण्यांची शिकार दुसऱ्या दिवशी पहाटे तीननंतरच करता येते, हरणांना मात्र ही अट नाही. तरी पहिली संध्याकाळ तंबू उभारायला आणि अस्वलांना दूर ठेवणारं विजेचं कुंपण लावायला ठेवलेली बरी.

शिकारीबद्दल थोडक्यात. नर मिळाला, घरी आणला, बायकोने काळ्या मसाल्यात रस्सा केला आणि शेजारच्या तीन घरी डबे गेले. बाकी त्याबद्दल पुन्हा कधी.

मुख्य गोष्ट परतताना घडली. कोडियाकला वर्षाला ७५ इंचांच्या वर पाऊस पडतो आणि नोव्हेंबरात तंबूत काहीही कोरडं होत नाही. हँगरवर आलो, धनुष्य शक्य तितकं पुसलं, केसमध्ये ठेवलं, भोवती कपडे कोंबले, लॅच लावले. काउंटरवर केस ५३ पौंड भरली. जाताना हीच केस ४८ होती आणि परत येताना मी तिच्यात काहीही वाढवलेलं नव्हतं, उलट ब्रॉडहेडची डबी दुसऱ्या बॅगेत होती. ५० ची मर्यादा ओलांडल्यामुळे जादा वजनाचे पैसे मागितले. दोन पावसाळी पँटी काढून अंगावर चढवल्या आणि ते वाचवले. पण हे पाच पौंड आले कुठून, हा प्रश्न अँकरेजपर्यंत डोक्यात होता.

धुक्यामुळे अँकरेजचं पुढचं विमान चुकलं, रात्र तिथेच काढली. घरी येऊन केस उघडली तर खालच्या फोमवर बोट दाबताच पाणी वर आलं. ते पाच पौंड कपड्यांतलं आणि फोममधलं पाणी होतं. कॅमच्या (धनुष्याच्या टोकांच्या चाकांच्या) स्टीलच्या स्क्रूंवर तांबूस थर, रेस्टच्या स्प्रिंगवर गंज. खाऱ्या हवेचं पाणी आणि हवाबंद पेटी. बाहेरचं पाणी आत येऊ नये म्हणून जे गॅस्केट लावलं आहे, तेच आतलं पाणी बाहेर जाऊ देत नाही. त्यात हा फोम उघड्या छिद्रांचा, म्हणजे स्पंजसारखं पाणी पिणारा, आणि कवचाला गोंदाने पक्का चिकटवलेला. तो बाहेर काढून पिळता येत नाही, उन्हात टाकता येत नाही. पंखा लावून आठवडाभर उघडी ठेवली. वरून कोरडा, खालून ओला.

हिवाळ्यात लास व्हेगासच्या इनडोअर स्पर्धेला गेलो तेव्हा हॉटेलात केस उघडली आणि कोकणात पावसाळाभर बंद राहिलेल्या ट्रंकेला येतो तसा कुबट वास खोलीभर पसरला. धनुष्याच्या दोरीवर गुंडाळलेल्या संरक्षक दोऱ्यावर (सर्व्हिंगवर) पांढरी बुरशी. तेव्हा माझं मत कायमचं बदललं. पाण्यापासून संरक्षण म्हणून जी वस्तू विकतात, तिच्या आत पाणी साठवणारा पदार्थ चिकटवणं हा रचनेतला दोष आहे, किरकोळ तक्रार नाही.

कंपनीशी बोलणं दोन वेळा झालं आणि दोन्ही अनुभव अगदी वेगळे. कोडियाकच्या प्रवासात एक लॅच तुटला होता. फोटो पाठवला, आठवड्याच्या आत नवा लॅच पिनसकट फुकट घरी, सोबत एक जादा. बिल मागितलं नाही, वाद घातला नाही. त्याचं मला मनापासून कौतुक आहे. म्हणूनच फोमचं उत्तर जास्त लागलं. आधी सांगितलं, केस ओली असताना बंद केली हा ग्राहकाचा वापर. मी विचारलं, कोडियाकच्या हँगरवर धनुष्य कोरडं करायची सोय कुठे असते ते सांगा. मग म्हणाले, फोम स्वतः काढलात तर वॉरंटी संपेल. मग शेवटी ते दहा टक्के.

वॉरंटी संपू दे म्हटलं. हेअर ड्रायरने गोंद गरम करत, रंगाऱ्याच्या पट्टीने खरवडून दोन्ही तुकडे काढले. एक संध्याकाळ गेली, हात दुखले. त्या जागी बंद छिद्रांचा फोम लावला, कॅम्पिंगच्या निळ्या चटया ज्याच्या असतात तोच. त्याच्यात पाणी शिरत नाही, कापडाने पुसलं की कोरडा. चिकटवला नाही, व्हेल्क्रोच्या पट्ट्यांवर बसवला, म्हणजे पाहिजे तेव्हा बाहेर निघतो. सगळा खर्च तीस डॉलरच्या आत.

आणि इथे एक अनपेक्षित फायदा मिळाला. जुना जाड फोम गेल्यावर इतकी जागा झाली की धनुष्य मऊ केससकट हार्ड केसमध्ये बसतं. म्हणजे आता हँगरवर धनुष्य एका केसमधून दुसऱ्यात हलवायचं नाही. मऊ केस उचलायची आणि थेट बीव्हरमध्ये. परतताना ओली मऊ केस मोठ्या प्लास्टिक पिशवीत घालून ठेवता येते, घरी आल्यावर दोरीवर टांगून सुकते. वजनही जवळजवळ दोन पौंडांनी उतरलं. कंपनीने सुरुवातीपासून केस अशीच बनवली असती तर मी आज तिची जाहिरात करत फिरलो असतो.

माझी भाची साताऱ्यात कंपाउंड शिकते. २०२३ मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याच्या अदिती स्वामीने आणि नागपूरच्या ओजस देवतळेने वैयक्तिक सुवर्ण जिंकलं, तेव्हापासून तिच्या मैदानावर गर्दी वाढली आहे. तिने विचारलं, मामा, तुझ्यासारखीच केस मागवू का? मी नको म्हटलं. ही केस रिकामीच साडेआठ किलोची आहे. भारतातल्या देशांतर्गत विमानांत स्वस्त तिकिटावर बहुतेक ठिकाणी १५ किलोच चेक-इन मिळतं. धनुष्य, स्टॅबिलायझर (धनुष्य स्थिर ठेवणारे दांडे) आणि बाण घातले की कपड्यांना दोन किलोही उरत नाहीत, आणि जादा किलोमागे पैसे मोजणं खेळाडूच्या घरच्यांना परवडत नाही. तिला पातळ कवचाची, बॅकपॅकसारखी पाठीवर घेता येणारी केस घ्यायला सांगितलं. घेण्याआधी दुकानात आतल्या फोमवर चमचाभर पाणी टाकून बघ असंही सांगितलं. पाणी वर थेंब होऊन राहिलं तर घे, आत मुरलं तर दुसरी दाखवायला सांग. दुकानदाराने हरकत घेतली तर तिथून घेऊच नको.

सध्या माझे पाचपैकी तीन. कवच, लॅच आणि चाकांना पूर्ण गुण. फोमसाठी दोन कापले आणि कंपनी सुटा, बंद छिद्रांचा फोम विकायला लागेपर्यंत ते परत देणार नाही.