लिनक्ससाठी सेकंड हँड लॅपटॉप घ्यायचा तं: टी480, लॅटिट्यूड 5490 की एलिटबुक 840 जी5

25-30 हजारांत लिनक्ससाठी नवा लॅपटॉप पाहून राहिले असाल तं आधी तो नाद सोडा. त्या भावातल्या बऱ्याच नव्या मशीनींत रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली असते, आज 8 जीबी घेतली तं पुढं पण 8 जीबीच, कीबोर्ड वरच्या प्लास्टिकला असा चिकटवलेला की एक बटण गेलं तं अख्खा वरचा भागच बदला, आणि वायफायची चिप कोणती निघेल ते नशीब. त्याच पैशात, कधी कधी त्याहून कमीत, कंपन्यांमधून निघालेले 2018 चे बिझनेस लॅपटॉप मिळतात, नागपूरच्या बर्डीत मिळतात, ऑनलाईन पण मिळतात. त्यातले तीन मॉडेल सारखे समोर येतात: लेनोवोचा थिंकपॅड टी480, डेलचा लॅटिट्यूड 5490 आणि एचपीचा एलिटबुक 840 जी5.

आतून तिघं जवळपास भाऊच. इंटेलची आठवी जनरेशन, चार कोरचा आय5, डीडीआर4 रॅमचे दोन स्लॉट, आणि ग्राफिक्स इंटेलचं, म्हणजे लिनक्सचं उबंटू, मिंट, फेडोरा, डेबियन काहीही टाका, ड्रायव्हर शोधत बसायची पाळी येत नाही. बहुतेकांत वायफाय पण इंटेलचंच असते. दुकानदार नुसतं 'आय5 आहे भाऊ' म्हणतो तेव्हा जनरेशन विचारा. सातव्या जनरेशनवर विंडोज 11 ऑफिशियली चालत नाही आणि विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, म्हणून ते लॅपटॉप स्वस्तात काढून राहिले. लिनक्स त्यांच्यावर मस्त चालते, पण त्या लॅपटॉपवाल्या आय5 मध्ये बहुतेक दोनच कोर असतात, आठवीत चार. दोन-तीन हजार वाचवायला अर्धे कोर काहून सोडायचे?

आता टी480. माझं मत यालाच, आणि त्याचं पहिलं कारण बॅटरी. याच्यात बॅटऱ्या दोन, एक आत 24 वॉट-अवरची आणि एक मागं बाहेरून लागणारी, तीन साईझमध्ये, सगळ्यात मोठी 72 ची. आतली चालू असताना मागची काढून दुसरी लावली तरी मशीन बंद होत नाही. मागची बॅटरी म्हातारी झाली की रिपेअरवाल्याकडं जायची गरज नाही, खटका सरकवा, नवी लावा. आणि लिनक्समध्ये टीएलपी नावाचं बॅटरी सांभाळणारं सॉफ्टवेअर टाकून चार्जिंग 80 टक्क्यांवर थांबवता येते, दिवसभर चार्जर लावून बसणाऱ्यानं हे पहिल्या दिवशीच करावं.

उघडायला पण सोपा. बायोसमध्ये, म्हणजे लॅपटॉप चालू होतानाच्या सेटिंगमध्ये, जाऊन आधी आतली बॅटरी डिसेबल करायची, मागची काढायची, मग खालचे सहा स्क्रू, ते पूर्ण बाहेर पडत नाहीत म्हणून हरवत पण नाहीत, आणि मग कडेनं जुनं एटीएम कार्ड फिरवत क्लिपा सोडवायच्या. इथं घाई केली तं क्लिप तुटते. आत रॅम, एसएसडी, पंखा सगळं समोरच दिसते. शिवाय लेनोवोचं हार्डवेअर मेंटेनन्स मॅन्युअल फुकट डाउनलोड होते, कोणता स्क्रू कुठला हेही त्यात आहे. एक खोच मात्र आहे, एसएसडी दोन प्रकारच्या असतात, साटा आणि एनव्हीएमई, आणि मेन ड्राइव्हच्या जागी साटाची केबल वेगळी आणि एनव्हीएमईची वेगळी, म्हणून आधी आत काय आहे ते पाहा आणि मगच नवी एसएसडी मागवा.

वाईट काय? या पिढीच्या थिंकपॅडमध्ये थंडरबोल्टचं, म्हणजे यूएसबी-सी पोर्टमागच्या चिपचं, जुनं फर्मवेअर (चिपच्या आतलं सॉफ्टवेअर) राहिलं तं यूएसबी-सी पोर्ट हळूहळू निकामी होऊ शकतो, आणि टी480 चार्ज होतो तोच मुळी यूएसबी-सीवर. लेनोवोनं त्यासाठी अपडेट काढलेला आहे, घेतल्या घेतल्या तो टाका. दुसरं म्हणजे स्क्रीन. काही पीस 1366 बाय 768 वाल्या फिक्कट पॅनलचे येतात, ते नका घेऊ, फुल एचडीच मागा. वेगळं एनव्हिडियाचं ग्राफिक्स असलेला पीस पण नको, विनाकारण ड्रायव्हरची कटकट आणि गरम होते ते वेगळंच. टी480एस हे वेगळं मॉडेल आहे बरं, पातळ आहे पण एक रॅम सोल्डर आणि बाहेरची बॅटरी नाही. टी490 चं पण तेच.

लॅटिट्यूड 5490 दिसायला ठोकळा, पण कामाचा. व्हीजीए पोर्ट पण आहे, कॉलेजच्या जुन्या प्रोजेक्टरला लावायचा तं अजून कामात पडते. कीबोर्ड बदलायला खालून केबल सोडवून वरची प्लास्टिकची जाळी उचकटली की स्क्रू दिसतात. फर्मवेअर अपडेट लिनक्समधूनच येतात, हे थिंकपॅडला पण आहे. बॅटरी एकच आणि आत, पण स्क्रूनं बसवलेली, गोंदानं नाही. टी480 पेक्षा दोनेक हजारांनी स्वस्त आणि चांगल्या हालतीत मिळत असेल तं हाच घ्या, मी थिंकपॅडवाला असून सांगून राहिलो.

एलिटबुक तिघांत सगळ्यात देखणा, बॉडी मेटलची, हातात घेतला की भारी वाटते. पण कीबोर्ड काढायला पार आतून सगळं सोडवत यावं लागते, आणि काही पीसला प्रायव्हसीवाली स्क्रीन असते, ती मला तं धुरकट दिसते. आधी पाहूनच घ्या.

दुकानात जाताना लिनक्सचा लाइव्ह पेनड्राइव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करता लिनक्स चालवता येणारा, खिशात न्या. चालू करताना थिंकपॅडला एफ1, डेलला एफ2, एचपीला एफ10 दाबून बायोस उघडा. पासवर्ड मागितला तं तिथंच ठेवून द्या, कारण थिंकपॅडचा सुपरवायझर पासवर्ड बोर्डावरची छोटी सीमॉस बॅटरी काढल्यानं जात नाही, 'करून देतो भाऊ' वर विश्वास नको. मग पेनड्राइव्हवरून चालू करून वायफाय, आवाज, कॅमेरा पाहा, झाकण बंद करून उघडा आणि परत जागा होतो का ते बघा. बॅटरीची मूळ कपॅसिटी आणि आताची, दोन्ही आकडे लिनक्सच्या पॉवर स्टॅटिस्टिक्स ॲपमध्ये दिसतात. फिंगरप्रिंटच्या भरवशावर तिघांतही राहू नका.

आणि आपल्याकडचा उन्हाळा विसरू नका. मे महिन्यात पारा 45 च्या वर, वरून कूलरची दमट हवा आणि धूळ, पंख्याच्या जाळीत कापसासारखा थर बसते. जुना लॅपटॉप घेतला की पहिल्याच आठवड्यात उघडून पंखा साफ करा आणि थर्मल पेस्ट बदला, तिन्हींत हे घरी जमते. लॅपटॉप कूलरच्या झोतासमोर ठेवायचा तं नाहीच.

बजेट लाखाच्या आसपास असेल तं गोष्ट वेगळी. थिंकपॅड टी14 च्या पाचव्या जनरेशनमध्ये, 2024 च्या, लेनोवोनं दुरुस्तीच्या गाईड बनवणाऱ्या आयफिक्सिटसोबत काम करून रॅमचे दोन्ही स्लॉट परत आणले, तो नवा घेतला तरी चालते. प्रत्येक पार्ट घरी बदलता येईल असे लॅपटॉप बनवणाऱ्या फ्रेमवर्कचं नाव सगळे घेतात, मशीन आहे पण भारी, पण पार्ट बाहेरून मागवत बसायचं असेल तं दुरुस्तीला सोपा असून इथं काय फायदा.