तीन पिनांचा '७.२ किलोवॅट' चार्जर

इलेक्ट्रिक गाडी सेकंडहँड घेतली, सोबतची चार्जिंग केबल आधीच्या मालकाने हरवलेली. अमळनेर-जळगाव रोजची ये-जा, त्यामुळे घाई होती, आणि घाईतच फसलो.

दुकानदार म्हणाला, "दादा, हा ७.२ किलोवॅटचा आहे, चार तासांत गाडी फुल." साडेअठरा हजार मोजले. पावती कच्ची, त्यावर एवढंच: 'केबल, १ नग'.

रात्री नऊला लावली. सकाळी नऊ वाजले तरी चार्जिंग चालूच. केबलवरच्या डब्याचा आकडा ३२ अँपिअर दाखवत होता आणि गाडीच्या स्क्रीनवर जेमतेम सव्वादोन किलोवॅट. गुणाकार तेव्हा केला, जो दुकानातच करायला हवा होता. घरातला मोठा तीन पिनांचा सॉकेट १६ अँपिअरचा. १६ गुणिले २३० म्हणजे ३,६८० वॅट, तेही जास्तीत जास्त. त्या पिनेतून ७.२ किलोवॅट येणारच कुठून? त्याला ३२ अँपिअरची वेगळी लाइन लागते. वर माझ्या गाडीतला ऑनबोर्ड चार्जरच, म्हणजे गाडीतच बसवलेला खरा चार्जर, ३.३ किलोवॅटचा. घरातल्या एसी विजेची बॅटरीला लागणारी डीसी वीज तोच गाडीच्या आत करतो. आपण ज्याला पोर्टेबल चार्जर म्हणतो तो गाडीशी बोलून वीज सोडणारा डबा. खरा ७.२ चा घेतला असता तरी माझी गाडी ३.३ च्या वर गेली नसती.

इथवर फक्त पैसे गेले होते. मे महिन्यात गाडी अर्थिंगचा फॉल्ट दाखवून चार्जिंग नाकारू लागली. आपल्याकडे उन्हाळ्यात काळी माती भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो. गाडीचं बरोबरच होतं. दुकानदाराने नऊशे रुपयांना एक छोटा अडॅप्टर दिला. "हा मध्ये लावा, एरर जाईल." गेली खरी! मी खूश.

आठ दिवसांनी प्लग वितळला, भिंतीवर काळा डाग. वायरमनने केबल कापून बघितली आणि माझ्याकडे बघत राहिला. "भाऊ, हाई इतली बारीक तार? पंखानी शे का?" मग अडॅप्टर उघडला. आत न्यूट्रल (वीज परत नेणारी तार) आणि अर्थ एका तारेच्या तुकड्याने जोडलेले, सॉकेटकडची अर्थ पिन नुसती शोभेची. म्हणजे गाडीला अर्थिंग नव्हतंच, ते असल्याचं सोंग होतं. सॉकेटमध्ये फेज (वीज आणणारी तार) आणि न्यूट्रल उलटे असते तर करंट थेट गाडीच्या पत्र्यात. पोरं त्याच पत्र्याला टेकून उभी असतात.

आता नवीन अर्थिंग केलंय, चार स्क्वेअर एमएमची स्वतंत्र वायर, वेगळा एमसीबी (करंट जास्त झाला की वीज तोडणारा) आणि आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा). चार्जर गाडीच्या कंपनीचाच, पक्क्या बिलावर. १९१५ वर ग्राहक तक्रारीसाठी फोन केला तेव्हा पहिला प्रश्न बिलाचाच आला. दुकानदार फोन उचलत नाही.

अडॅप्टर मात्र मी पकडीने तोडून तुकडे केले. तसाच भंगारात दिला असता तर कोणीतरी उचलून लावला असता.