प्रीप्रिंट बरा की छापून आलेला शोधनिबंध?

जुलै 2023 मध्ये दक्षिण कोरियातल्या संशोधकांनी एलके-99 या पदार्थाचा प्रीप्रिंट (तज्ज्ञांच्या तपासणीआधीच खुला केलेला निबंध) टाकला: खोलीच्या तापमानाला अतिवाहकता, म्हणजे वीज शून्य रोधाने वाहणं! चुंबकावर अर्धवट तरंगणारा तो काळा तुकडा आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरही फिरला. तज्ज्ञांनी तपासलेलं काही नव्हतं, पण कृती उघड होती. मग काय, जगभरच्या प्रयोगशाळांनी भट्ट्या पेटवल्या. महिन्याभरात उलगडा झाला: 104 अंश सेल्सिअसच्या आसपास रोध धाडकन उतरत होता तो कॉपर सल्फाइडच्या भेसळीमुळे, अतिवाहकतेमुळे नव्हे.

त्याच वर्षी मार्चमध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकाने ल्युटेशियम हायड्राइडचा तसाच दावा समीक्षा करून छापला (दाब मात्र वातावरणाच्या 10,000 पट, हे मथळ्यांत हरवलं). तो मागे घ्यायला नोव्हेंबर उजाडला. मला तरी कोरियन गोंधळ जास्त प्रामाणिक वाटला.