महिनाभर एकच क्रियापद: लातूरमधील एका इंग्रजी संभाषण वर्गाचे परीक्षण

लातूरच्या ट्युशन एरियात 'नीट' आणि 'जेईई'च्या फलकांनी रस्त्याची दर्शनी बाजू व्यापलेली असल्यामुळे इंग्रजी संभाषणाच्या वर्गांना बहुधा मागच्या गल्लीतील वरचा मजलाच मिळतो. हा वर्गही तसाच आहे. वेळ संध्याकाळी सात ते साडेआठ, मुदत दोन महिने, शुल्क साडेतीन हजार रुपये, आणि त्यातच एक स्पायरल बांधणीची पुस्तिका. येणाऱ्यांत पतसंस्थेतील कर्मचारी, औषध दुकानदार आणि स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुले अधिक. वर्गाचे वेगळेपण एवढेच की पहिला संपूर्ण महिना 'गेट' या एकाच क्रियापदाला दिलेला आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकवणारी व्यक्ती म्हणून मला हा प्रयोग पाहावासा वाटला.

अर्थांच्या संख्येचाच निकष लावला तर मान 'गेट'कडे जात नाही. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी शब्दकोशात दीर्घकाळ सर्वांत लांब नोंद 'सेट'ची होती आणि अलीकडच्या सुधारित आवृत्तीसाठी 'रन' या क्रियापदाचे ६४५ अर्थ नोंदवले गेले. तरीही बोलणाऱ्याच्या तोंडी दिवसभरात जे पुन्हा पुन्हा येते ते 'गेट'च, म्हणून सरांनी केलेली निवड मला योग्य वाटते. हे क्रियापद उत्तरेकडील नॉर्स लोकांच्या भाषेतून इंग्रजीत आले आणि 'फर्गेट'मधला 'गेट' त्याच कुळातला आहे, ही माहिती त्यांनी जाता जाता दिली व लगेच कामाला हात घातला.

वर्गाचा खरा कस दिसतो तो 'लागणे' या मराठी क्रियापदाच्या आधाराने 'गेट' समजावताना. आपल्याकडे भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, वेळ लागतो, निकाल लागतो, फोन लागतो, लळा लागतो आणि प्रवासात काहींना गाडीही लागते. सरांनी ही यादी विद्यार्थ्यांकडूनच फळ्यावर भरून घेतली आणि प्रत्येक वाक्यासमोर 'गेट' बसते की नाही हे तपासायला लावले. भूक, नोकरी, फोन, लळा आणि गाडीची मळमळ येथे ते सहज बसले. वेळेला मात्र 'टेक' लागले, निकालाला निराळीच रचना लागली, आणि 'पाच नंबरच्या फलाटाला नांदेडची गाडी लागली आहे' या वाक्यापाशी 'गेट'चा काहीच उपयोग होईना. जेथे जुळत नाही ती जागाही तितक्याच मोकळेपणाने दाखवल्यामुळे ही तुलना विश्वासार्ह झाली.

त्याहून महत्त्वाची गोष्ट या यादीतून पुढे आली. 'मला भूक लागली' या वाक्यात भूक कर्ता आहे आणि मी चतुर्थीत बसलेली आहे. इंग्रजीत 'आय गॉट हंग्री' म्हणताना तोच 'मी' उठून कर्त्याच्या जागी जातो आणि भूक ही त्याची अवस्था होते. मराठी माध्यमातून शिकलेला माणूस इंग्रजी वाक्य सुरू करतानाच अडखळतो, त्यामागे पुष्कळदा शब्दांची उणीव नसून हा 'मला' कोठे ठेवावा याचा संभ्रम असतो. व्याकरणाच्या शालेय पुस्तकांत ही अडचण इतक्या नेमकेपणाने मांडलेली मी पाहिलेली नाही.

'करून घेणे' या अर्थावरचा तासही उत्तम होता. बोअरची मोटार गावातील मिस्त्रीकडून दुरुस्त करून घेतलेला शेतकरी 'आय रिपेअर्ड द मोटर' म्हणाला, तर ऐकणाऱ्याला तो स्वतःच पाने घेऊन बसला होता असे वाटेल. 'आय गॉट द मोटर रिपेअर्ड' म्हटले की मिस्त्री न दिसताही वाक्यात येतो. मराठीत 'करून घेतली' हे आपण विचार न करता बोलतो, म्हणूनच इंग्रजीत ते निसटते. ब्रिटिश 'गॉट' आणि अमेरिकन 'गॉटन' यांपैकी दुसरे रूप अमेरिकेत बिघडलेले नसून जुन्या इंग्रजीतले तेथे टिकून राहिलेले आहे, हेही सरांनी स्पष्ट केले.

जोडक्रियापदांचा भाग मध्यम आहे. 'गेट बाय'साठी 'दोन एकरांत आमचे भागते', 'गेट अवे विथ'साठी 'एवढी लबाडी पचली कशी' आणि 'व्हॉट आर यू गेटिंग ॲट'साठी 'तुमच्या बोलण्याचा रोख काय' हे पर्याय इतके चपखल होते की ते वेगळे पाठ करावे लागत नाहीत. 'गेट ओव्हर इट' म्हणजे सावरणे आणि 'गेट इट ओव्हर विथ' म्हणजे एकदाचे उरकून टाकणे, हा शब्दक्रमातला फरक मात्र घाईने आटोपला; त्याला स्वतंत्र तास हवा होता.

वाक्प्रचारांकडे वळताच वर्ग आपली पद्धत विसरतो आणि पुस्तिकेतील वर्णक्रमानुसार यादी वाचणे सुरू होते. 'गेट विंड ऑफ' म्हणजे कुणकुण लागणे. वाऱ्यावरून वास आल्याने शिकारीचे जनावर सावध होते, त्यावरून हा प्रयोग आला, एवढे सांगितले असते तरी तो लक्षात राहिला असता. 'गेट द सॅक'साठी आपल्याकडे हातात नारळ मिळणे तयार आहे, पण पुस्तिकेत 'काढून टाकले जाणे' एवढाच रुक्ष अर्थ छापला आहे. त्याहून गंभीर उणीव म्हणजे शब्दाचा मान-अपमान कोठेही सांगितलेला नाही. 'वी गॉट लॉस्ट' म्हणजे आम्ही रस्ता चुकलो. 'गेट लॉस्ट' म्हणजे चालता हो. पुस्तिकेत दोन्ही लागोपाठ, कोणत्याही इशाऱ्याशिवाय आहेत. कार्यालयीन पत्राच्या नमुन्यात तर 'आय गॉट युवर लेटर' असे वाक्य आहे, आणि तेथे 'रिसीव्ह' हवे, हे पतसंस्थेच्या पत्रव्यवहारात अडचणीत येईपर्यंत विद्यार्थ्याला कळणार नाही.

उच्चारांचीही तीच गत आहे. पुस्तिकेत सर्व उच्चार देवनागरीत असल्यामुळे क्रियापद 'गेट' आणि कुंपणाचे 'गेट' छापील पानावर एकसारखेच दिसतात. मराठीच्या लिपीत ऱ्हस्व आणि दीर्घ 'ए' वेगळे लिहिण्याची सोय नाही, हा पुस्तिकेचा दोष नव्हे, पण निदान ध्वनिमुद्रण तरी द्यायला हवे होते. विद्यार्थ्यांना मोबाइलवर पाठवण्याइतपत काम आहे, खर्च जवळपास नाही.

ज्यांना वाक्य जुळवताच येत नाही अशा नोकरदारांनी हा पहिला महिना जरूर करावा. महिन्यापुरता वेगळा प्रवेश मिळतो आणि त्याचे दोन हजार रुपये पडतात. दुसऱ्या महिन्यात 'टेक' आणि 'मेक' एकत्र शिकवतात, पण तेथे मराठीचा आधार पातळ होत जातो. परीक्षेत वाक्प्रचारांचे गुण मिळवणे एवढाच हेतू असलेल्या मुलांनी वर्गात येण्याची गरज नाही. पुस्तिका खालच्या झेरॉक्सच्या दुकानात सुटी मिळते.