भाड्याची कॅम्परव्हॅन आणि गालजीबागची रात्रपाळी

वन्यजीव क्षेत्रात स्वयंसेवक म्हणून काम करायचे आणि मुक्काम गाडीतच ठेवायचा, ही पद्धत अमेरिकेत चांगली रुळलेली आहे. तेथील अनेक राष्ट्रीय वन्यजीव आश्रयस्थानांत स्वयंसेवकाने आठवड्यात ठरावीक तास काम करावे आणि त्याबदल्यात वीज, पाणी व सांडपाण्याची जोडणी असलेली जागा त्याला विनामूल्य मिळावी, असा सरळ व्यवहार असतो. गोव्यात गाडी भाड्याने मिळते, वनखात्याकडे रीतसर विचारणा केल्यास कामही मिळू शकते. परंतु या दोहोंना जोडणारी ती जागा आपली आपणच शोधावी लागते. ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवांच्या अंडी घालण्याच्या हंगामात आम्ही पतीपत्नींनी काणकोण तालुक्यातील गालजीबाग किनाऱ्यावरील राखणीच्या कामासाठी एका व्यावसायिकाकडून कॅम्परव्हॅन घेतली होती. हे परीक्षण त्या सेवेचे आहे.

गाडी टेम्पो ट्रॅव्हलरच्या सांगाड्यावर बांधलेली, डिझेलवर चालणारी आणि यांत्रिकदृष्ट्या निर्दोष होती. भाड्याच्या गाडीला आवश्यक असलेली काळी पाटी व पिवळी अक्षरे पाहूनच आम्ही व्यवहार पक्का केला, कारण पांढऱ्या पाटीची खासगी वाहने चोरून भाड्याने देण्याचा उद्योग गोव्यात सर्वांच्या परिचयाचा आहे. करमळ घाटातील वळणांवर गाडीच्या उंचीची जाणीव सतत होत राहते आणि समोरून ट्रक आला की वेग पार कमी करावा लागतो. काणकोणच्या बगलमार्गावर मात्र तळपण आणि गालजीबाग या दोन्ही नद्या पुलांवरून निवांत ओलांडता येतात. चालवण्याबाबत याहून अधिक लिहिण्याजोगे काही नाही.

खरी परीक्षा मुक्कामाची होती. कासवांचे काम रात्रीचे असते. मादी बहुधा अंधारात किनाऱ्यावर येते, वाळूत खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालते, खड्डा बुजवते आणि समुद्रात परतते. पुढे साधारण ४५ ते ५५ दिवस त्या घरट्याला कुत्रे, कोल्हे आणि उत्साही पर्यटक या तिघांपासून जपावे लागते. अंडी हलवणे किंवा घरट्याला हात लावणे हे वनखात्याच्या कर्मचाऱ्यांचेच काम. आमच्याकडे गस्त, मादीच्या सरपटण्याच्या खुणांची नोंद आणि मोबाइलचा प्रकाश पाडू पाहणाऱ्यांना समजावून मागे नेणे एवढेच होते. हे सारे आटोपून पहाटे परतल्यावर झोप दिवसा घ्यावी लागते, आणि ही गाडी दिवसा झोपण्यासाठी बांधलेलीच नाही.

सुरूच्या किंवा आंब्याच्या सावलीत गाडी उभी केली तर आत बसवते, पण छतावरील सौर पट्ट्या जवळपास निकामी होतात. उन्हात उभी केली तर बॅटरी भरते आणि माणूस भाजून निघतो. व्यावसायिकाने दिलेल्या माहितीपत्रकात ‘वातानुकूलित शयनकक्ष’ असे ठळकपणे छापलेले होते. बॅटरी १२ व्होल्टची, २०० अँपिअर-तासांची, म्हणजे सुमारे २,४०० वॉट-तासांची होती. एक टनी एसी तासाला हजाराच्या आसपास वॉट-तास खातो. इन्व्हर्टरमधील गळती धरली तर दोन तासांत सारे संपते, आणि फ्रीजला काही उरत नाही. हा हिशेब व्यावसायिकाला ठाऊक नसेल असे मानणे कठीण आहे. जोडीला पेट्रोलचा जनरेटर जादा भाड्याने देऊ केला होता. ज्या किनाऱ्यावर आपण इतरांना शांत राहायला सांगणार, तेथे तो धडधडवत ठेवण्याची कल्पना आम्हाला रुचली नाही.

प्रकाशाबाबत गाडीचे गुण आणि दोष शेजारीशेजारी होते. पिल्ले घरट्यातून बाहेर पडल्यावर क्षितिजाच्या उजळ बाजूकडे धावतात. काळोख्या किनाऱ्यावर ती बाजू समुद्राची असते, दिवे लागले की मात्र जमिनीची होते. गाडीचे पडदे जाड व उत्तम शिवलेले होते, आतला दिवा बाहेर किंचितही दिसत नसे. परंतु दार उघडताच पायरीवरचा पांढराशुभ्र दिवा आपोआप लागत असे आणि त्याला बटण नव्हते. दूरध्वनीवर विचारले असता व्यावसायिकाच्या तंत्रज्ञाने पाच मिनिटांत त्याचा फ्यूज कोणता ते शोधून दिले. सेवेतील सर्वांत तत्पर क्षण तोच. अर्थात किनाऱ्यावर वाहन नेण्यास गोव्यात बंदी आहे, त्यामुळे गाडी आम्ही वस्तीतच, वाळूपासून बरीच आत ठेवली होती.

याच तालुक्यातील खोतीगाव अभयारण्याच्या बाबतीत माहितीपत्रक थेट दिशाभूल करणारे आहे. ८६ चौरस किलोमीटरच्या या अरण्यात ‘झाडांखाली गाडी लावून राहा’ असा सल्ला त्यात आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या कलम २७ नुसार अभयारण्यात परवान्याविना प्रवेश करता येत नाही आणि राहताही येत नाही. चाकांवरचे घर त्याला अपवाद नाही. वन्यजीवांना अपाय करतील अशी रसायने वापरण्यास कलम ३२ ने मनाई केली आहे, आणि गाडीच्या शौचालयासोबत निळ्या रसायनाची बाटली दिलेली असते, हेही येथे नोंदवून ठेवतो.

त्या शौचालयाची टाकी वीस लिटरची. दोघांना ती फार दिवस पुरत नाही, आणि भरल्यावर ती कोठे रिकामी करायची याविषयी गाडी ताब्यात देताना कोणी अवाक्षर काढले नाही. जागा अखेरीस एका कुळागराच्या, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेच्या, मालकीणबाईंनी दिली. ‘गाडी हांगा दवरात, पूण म्हेळें उदक शेतांत सोडिनाकात’ (गाडी इथे ठेवा, पण घाण पाणी शेतात सोडू नका), एवढी एकच अट त्यांनी कोकणीत घातली. रसायनामुळे सेप्टिक टाकीतील जिवाणू मरतात म्हणून आम्ही ते वापरणेच सोडले, टाकी त्यांच्या घराच्या शौचालयात रिकामी करू लागलो, भांड्यांचे पाणी बादलीत धरले आणि त्यांच्या विजेचे पैसे मीटर पाहून चुकते केले. वायर जोडल्यानंतर मात्र एसी चालू लागला, झोप लागू लागली आणि गाडी प्रथमच माहितीपत्रकाप्रमाणे वागली. मग प्रश्न उरतो की, परसदार, वीज आणि संडास दुसऱ्याचेच वापरायचे असतील तर त्यांच्याच घरातील एक खोली भाड्याने का घेऊ नये? गालजीबागपुरते उत्तर ‘घ्यावी’ असेच आहे, आणि खोली गाडीच्या भाड्याच्या निम्म्याहून कमी दरात मिळते.

गालजीबागसोबत आगोंद, मोरजी आणि मांद्रे अशा दूरदूरच्या किनाऱ्यांवर आळीपाळीने काम करण्याची परवानगी ज्यांच्या हाती आहे, त्यांना मात्र ही गाडी उपयोगी पडेल; बिऱ्हाड सतत हलवण्याचा त्रास ती खरोखर वाचवते. अशांनी आगाऊ रक्कम भरण्यापूर्वी बॅटरीची क्षमता लेखी घ्यावी, पायरीच्या दिव्याचा फ्यूज तेथेच काढून घ्यावा आणि प्रत्येक मुक्कामी टाकी कोठे रिकामी होणार, हे व्यावसायिकाकडून नव्हे तर जागा देणाऱ्याकडून ठरवून घ्यावे. पाचपैकी अडीच गुण; त्यातला अर्धा पडद्यांचा.